डोहावरची शीळ

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि तिन्हीसांजेला डोहाकडून शीळ आली तर तिला ओ द्यायची नाही. पहिली गोष्ट मला माहेरीही शिकवलेली होती. दुसरी ऐकून मी मनातल्या मनात हसले.

सन तेहतीस-चौतीसचा सुमार असेल. माझं माहेर नाशकाचं. गंगापूर रोडला तेव्हा मळेच मळे होते, त्यातला एक आमचा. मी मराठी पाचवीपर्यंत शिकलेली होते आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला कोण समजत होते कोण जाणे. सासर मिळालं ते देवळ्याच्याही पुढे, गिरणेच्या काठी. नाशकाहून आग्रा रोडने मोटार, मग बैलगाडी, आणि शेवटचा ओढा पायी. नवरा मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात. महिन्यातून दोन दिवस यायचा, त्यातला एक झोपेत जायचा. घरात उरलो आम्ही तिघं, सासूबाई, मामंजी आणि मी.

मामंजी गावचे पाटकरी होते. नदीवर गावापासून थोडा वर जुना दगडी बंधारा होता, तिथून निघालेला मातीचा पाट गव्हाच्या वावरांना पाणी पाजायचा. तिकडे या सगळ्या पाण्याखालच्या वावरांना मिळून फड म्हणत. रीत अशी की आपल्या वावराला पाणी आपण लावायचं नाही. सगळ्यांचं पाणी पाटकऱ्याने लावायचं, आणि तेही शेवटच्या टोकाच्या वावरापासून सुरुवात करून. त्यामुळे टोकाचा माणूस कधी उपाशी राहत नसे. मामंजींच्या हातात एक काठी असायची. तिच्यावर खालून वर खाचा पाडलेल्या होत्या, त्यांच्या पणजोबांनी म्हणे. वावराच्या तोंडाशी काठी उभी धरायची आणि पाणी तिसऱ्या खाचेला लागलं की पुढची पाळी मोडायची, म्हणजे पाणी पुढच्या वावराकडे वळवायचं. त्यावरून गावात कधी दोन तोंडं झाली नाहीत. काठी जे सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं.

आणखी एक रीत होती. कार्तिकात पाटाला पाणी सोडलं की गव्हाची कापणी होईपर्यंत पाटाच्या बांधाला लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, फावडं नाही. गळती लागली तर हाताने चिखल थापायचा आणि पायाने दाबायचा. पाणी साती आसरांचं, म्हणजे डोहात राहणाऱ्या सात बहिणींचं, आणि त्यांना लोखंड खपत नाही असं सगळे म्हणत. नव्या नवरीने पहिली कळशी भरण्याआधी त्यांना हिरवा खण आणि हिरव्या बांगड्या वाहायच्या. मीही वाहिल्या. खण पाण्यावर थोडा वेळ तरंगला आणि मग कुणीतरी खालून हळूच ओढून घ्यावा तसा गेला. तिथे भोवरा असेल. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू?

आणि ती शीळ. दिवस मावळला की बंधाऱ्याखालच्या डोहावरून ती यायची. आखूड, धारदार, शेवटी जराशी थरथरणारी. एक अलीकडून वाजायची, लगेच दुसरी पलीकडून. गावातली गुरं कान टवकारायची, धुणं धुणाऱ्या बाया उरलेलं धुणं तसंच बोचक्यात कोंबून घराकडे निघायच्या. ओ दिली तर आसरा आपल्याला आठवी बहीण करून नेतात म्हणे. सूर्य मावळल्यावर त्या डोहाकडे कुणी फिरकत नसे, आणि दिवसासुद्धा तिथले मासे कुणी धरत नसे.

आमचा सगळा अनर्थ माझ्या एका तांब्यापासून सुरू झाला. दुपारी डोहावर धुणं धुतलं आणि तांब्या तिथेच विसरले. सासूबाईंना कळू नये म्हणून मावळतीला गुपचूप परत गेले. तांब्या दगडावरच होता. आणि त्याच्यापासून चार हातांवर, पाण्याबाहेर आलेल्या खडकावर, एक तपकिरी ओलं जनावर बसलं होतं. चपटं डोकं, मांजरासारख्या मिशा. दोन्ही हातांत खेकडा धरून ते आपण कणीस खावं तसं खात होतं. कवच फुटल्याचा कडकड आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मग त्याने मान वर केली आणि शीळ घातली. पलीकडून दुसऱ्याने ओ दिली.

ऊद! नाशकाला गंगेत, म्हणजे गोदावरीत, मी आणि माझ्या भावाने लहानपणी हे पाणमांजर पाहिलेलं होतं. म्हणजे सगळा गाव ज्यांना भिऊन दारं लावून घेतो त्या देवी मिशावाल्या निघाल्या. मी तोंडावर पदर दाबून हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीला भाऊ भाऊबिजेसाठी आला. तो नाशकात एका कातड्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. ओवाळून झाल्यावर, सासूबाई गोठ्यात आहेत असं पाहून, मी त्याला सगळं रंगवून सांगितलं. सासरची थट्टा माहेरच्या माणसापाशी करायला कुणाला आवडत नाही? भाऊही पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला आणि किती आहेत म्हणून विचारलं.

मार्गशीर्षात तो दोन माणसं घेऊन आला. बहिणीच्या गावी चार दिवस मासे मारायला आलो म्हणाला आणि पलीकडच्या काठावर पाल ठोकून राहिला. गावातलं कुणी तिथे जाणार नव्हतं, डोहाच्या धाकाने. आठव्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले तेव्हा पालामागे काटक्यांवर ताणून कातडी वाळत घातलेली होती. वारा नव्हता तरी ती जराजरा हलत होती, सुकताना आकसत असतील म्हणून. मी मोजली. सहा होती की सात, आता कुणी शपथ घालून विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण आठवणीत सातच आहेत.

जाताना भावाने मला खण दिला, हिरवा. त्याच्या मनात काही नव्हतं, बाजारात पहिला दिसला तो उचलला असेल. मी पाडव्याला त्याची चोळी शिवून घातली.

त्या मार्गशीर्षानंतर शीळ बंद झाली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. आवाज आला की कळतं, न आल्याचं कळायला वेळ लागतो. मग एका संध्याकाळी सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या, हात तसाच परातीत, आणि दाराकडे कान देऊन बसल्या. बराच वेळ तशाच. तव्यावरची भाकरी जळाली तेव्हा म्हणाल्या, गेल्या वाटतं. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे घरोघरी तेच व्हायला लागलं. ठरल्या वेळी माणसं बोलता बोलता गप्प व्हायची, काही ऐकू येत नाही म्हटल्यावर एकमेकांकडे न बघता पुन्हा कामाला लागायची. बायांनी डोहात खण-बांगड्या सोडल्या, नारळ सोडले. शिळेला भिणारं गाव आता शीळ नाही म्हणून जास्तच भ्यायला लागलं. मला एकटीलाच कारण ठाऊक होतं आणि माझी वाचा बसली होती.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात खेकडे झाले. खेकडे दर वर्षी असतात, पण त्या वर्षी ते दिवसाढवळ्या पाटावरून ओळीने तिरके तिरके चालत जायचे. अंगणात यायचे. एकदा मी पाण्याच्या घागरीत हात घातला तर आत एक बसलेला, डोळे वर करून माझ्याकडे बघत. चुलीमागे रात्रंदिवस नखं वाजायची. सासूबाई झाडूने लोटून कंटाळल्या. लोकांनी खाल्ले, कोंबड्यांना घातले, तरी ते संपेनात. हिवाळा आला आणि एके दिवशी सगळे दिसेनासे झाले. सुटलो म्हणून आम्ही हुश्श केलं.

कार्तिकात मामंजींनी पाटाला पाणी सोडलं. बंधाऱ्याशी पाणी मांडीभर होतं. टोकाच्या वावरात पोचलं ते घोट्याइतकंही नव्हतं. काठी धरली तर पहिली खाचसुद्धा भिजेना. पुढच्या पाळीला आणखी कमी. पाटाला कुठे फोड नाही, कुठे मोडलेलं नाही, पाणी वाटेतल्या वाटेत नाहीसं होत होतं. गावाने पाटावर राखण बसवली. राखणदारांनी येऊन सांगितलं की चोर कुणी दिसला नाही, पण बांध बोलतो. मी स्वतः एका सकाळी बांधाला कान लावून पाहिलं. आत खोल कुणीतरी दाणे चघळत बसल्यासारखा आवाज येत होता. मी तिथून जवळजवळ पळतच घरी आले.

मामंजी पहाटेपासून पाटावर असायचे. चपला त्यांनी आयुष्यात घातल्या नाहीत, पाण्याची हालचाल तळव्याला कळते म्हणायचे. चिखल थापायचे, पायाने दाबायचे, परत थापायचे. संध्याकाळी घरी येऊन ओसरीवर बसले की पाय गार पडलेले, बोटं सुजलेली. टोकाचा गहू पिवळा पडत चालला होता. मग कुजबुज सुरू झाली की पाणी चोरीला जात नाही, पाटकरी मधल्या मधे कुणाला तरी लावतो. चार पिढ्यांत जे कुणी बोललं नव्हतं ते बोललं गेलं. विहिरीवर मी गेले की बायांचं बोलणं थांबायचं. मामंजींना ते कळत नव्हतं असं नाही. त्या दिवसांत ते जेवायला बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे.

अखेर गाव पारावर बसलं. ठरलं असं की पौषाच्या अमावास्येपर्यंत टोकाच्या वावरात पाणी तिसऱ्या खाचेला लागलं पाहिजे. नाही लागलं तर पाटकऱ्याने काठी पारावर ठेवून घरी जावं. मामंजी बरं म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्या काठीवाचून हा माणूस उभा कसा राहील, हेच मला कळेना. माझा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवसापासून मीही चिखलाची पाटी घेऊन पाटावर जायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेवरच, एक भोक दिसलं म्हणून चिखल कोंबायला हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला. आणि आतून कशाने तरी माझं बोट धरलं. घट्ट, न सोडता.  ओढून काढलं तर बोटाला लटकलेला खेकडा. मग मी बांध नीट पाहिला. गवत बाजूला सारलं की भोक, त्याच्या शेजारी भोक, बांध चाळणीसारखा झाला होता. पाणी त्यातून आत जाऊन जमिनीच्या पोटात कुठेतरी मुरत होतं. डोहातल्या उदांचं खाणं खेकडे. ऊद मी मारवले. मला तिथेच बसून रडू आलं.

सुनेने सासऱ्याशी समोर उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. लग्नाला तीन वर्षं होऊन मी मामंजींशी दहा वाक्यंही बोलले नसेन. त्या संध्याकाळी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी दाराआड उभी राहिले, पदर पुढे ओढला आणि सगळं सांगितलं. तांब्या, भाऊ, कातडी, हिरवी चोळी, खेकडे. सांगून झाल्यावर मला वाटलं ते आता मला माहेरी पोचवतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

ओसरीवर काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "माले ठाऊक व्हतं पोरी. लहानपनपाईन ठाऊक व्हतं. त्या आसरा नहीत, ऊद शेतस."

त्या आसरा नाहीत, ऊद आहेत, हे त्यांना ठाऊक असेल हे मला आधी पटेचना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या वडलांनी त्यांना काठीबरोबर दिली होती, आणि वडलांना आजोबांनी. पाटकऱ्याच्या घरात एकाच माणसाला ती ठाऊक असायची. "मना बापनी सांगेल व्हतं, लोकं भ्यातीन तं ऊद राहतीन, आनि ऊद राहतीन तं पाट राही." सासूबाईंनासुद्धा त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. भावाच्या पालामागची कातडी त्यांनी माझ्याआधी दोन दिवस पाहिली होती. पाहून ते घरी आले होते, आणि मी वाढलेलं जेवले होते.

मी दाराआडून म्हटलं की मग हेच पारावर सांगा. बांध उकरून दाखवा, माझं नाव घ्या, माझ्या भावाचं घ्या. तुमची काठी तर राहील. ते नाही म्हणाले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूत त्यांना उदांची पावलं दिसली होती, एक जोडी उरली होती. "सांगसू तं उरेल शेतस त्या भी जातीन." आपण सांगितलं की उरलेलीही जातील, एवढंच. कातड्याला भाव आहे हे कळायला गावाला एक दिवस पुरला असता.

अमावास्येला मी विहिरीच्या काठावरून पाहिलं. मामंजी टोकाच्या वावराच्या तोंडाशी काठी धरून उभे होते आणि सगळं गाव मागे. पाणी पहिल्या खाचेच्या खाली होतं. त्यांनी काठी पदराने पुसावी तशी धोतराच्या सोग्याने पुसली, पारावर नेली आणि आडवी ठेवली. कुणीतरी विचारलं, मग पाणी जातं तरी कुठे? मामंजी म्हणाले, "आसरास्ले इचारा."  दोन-तीन माणसं त्यांच्या वाटेतून चटकन बाजूला झाली.

पुढचा पाटकरी तरुण होता. त्याने कापणी झाल्या झाल्या बांध उकरला आणि टोपल्यांनी खेकडे काढले. गावाने आठ दिवस कालवण खाल्लं. इतके खेकडे आले कुठून, हे कुणी विचारलं नाही. मामंजींना कुणी पाटावर बोलावलंही नाही. चोर म्हणून नव्हे, तर आसरा ज्याच्यावर कोपल्या तो माणूस म्हणून. 

आणि त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी शीळ वाजली. आखूड, धारदार, शेवटी थरथरणारी. सासूबाईंच्या हातातलं पीठ खाली सांडलं. आसरा परत आल्या म्हणून गावभर बातमी झाली, दारं पुन्हा लागायला लागली, आणि खरं सांगते, लोकांचे चेहरे उजळले. मला मात्र त्या शिळेत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पलीकडून ओ येत नव्हती. एक दिवस मी लपत गेले. डोहाच्या काठी करंजाच्या झाडाआड मामंजी बसले होते. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, शीळ घातली आणि पाण्याकडे बघत राहिले. मी आल्या पावली परत फिरले. त्यानंतर कितीतरी महिने, पाऊस असो, ताप असो, ते दिवस मावळताना घरातून निघायचे. सासूबाई म्हणायच्या, काठी गेल्यापासून म्हातारा भ्रमिष्ट झाला. 

दुसऱ्या हिवाळ्यात मामंजी गेले. शेवटचे दोन दिवस त्यांच्या तोंडात शब्द नव्हता, फक्त उजव्या हाताची दोन बोटं ओठांकडे जायची आणि मधेच गळून पडायची. लोकांना वाटलं पाणी मागताहेत. मी पाणी पाजलं, त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

त्यांचा दहावा झाला त्या संध्याकाळी मी कळशी घेऊन निघाले. बाईमाणसाने शीळ घालू नये असं सासरी म्हणत आणि माहेरीही म्हणत. करंजाच्या झाडाआड बसले, दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली. लहानपणी भावाने मला शिकवलेली शीळ, त्याच भावाने, तशी अजून येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती आली. गावात एक दार लागल्याचं ऐकू आलं, मग दुसरं.

आणि पलीकडच्या काठावरून ओ आली.

ऊद असेल. वाळूतली ती जोडी खाली उतरली असेल. तो काठ काळोखात गेला होता, तिथे मला काही दिसलं नाही. पाणी हललं नाही. एवढंच कळलं की ती शीळ माझ्यासारखी नव्हती आणि उदासारखीही नव्हती, मामंजींची होती तशी होती, आणि ती पुन्हा आली, जरा जवळून. मी कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत गेले.